दोन पॅकिंग म्हणजे इलाज नव्हे

कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरापर्यंत आणि पुण्याच्या नाना पेठेपासून मालेगावच्या हमरस्त्यावरील गॅरेजपर्यंत, मोटारीच्या इंजिनकामात आपल्या समाजाच्या कारागिरांचे हात आहेत. शाळा अर्धवट सुटलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली चार-सहा वर्षे काढतो आणि पुढे इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दोष सांगू लागतो. हा हुनर ही अल्लाहची मोठी देणगी आहे. तरीही आज आम्हाला या पानावर थोडे कडू बोलायचे आहे, कारण प्रश्न रोजीचा आहे आणि रोजीइतकाच इज्जतीचाही.

गेल्या काही वर्षांत गॅरेजकडे एक नवे काम येऊ लागले आहे. रॅलीची, शर्यतीची किंवा ट्रॅकवर पळवायची गाडी घेऊन शौकीन गिऱ्हाईक येते आणि ‘टर्बो बसवा, ताकद वाढवा’ असे सांगते. कामाला मजुरी चांगली मिळते, चार ठिकाणी नावही होते. पण या कामात आपली मंडळी वारंवार एकाच ठिकाणी ठेचकाळताना आम्ही पाहतो. ते ठिकाण म्हणजे कॉम्प्रेशन कमी करणे आणि नॉकिंग थांबवणे.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. गाव आणि नाव सांगण्याचे कारण नाही. एका गॅरेजात रॅलीची जिप्सी आली. कारखान्याने जिप्सी बनवणे बंद केले असले तरी हिमालयाच्या आणि राजस्थानच्या रॅलींमुळे तिचा चाहता अजून टिकून आहे. गिऱ्हाईकाने जुना टर्बो आणलेला होता. टर्बो लावायचा तर कॉम्प्रेशन उतरवावे लागते, एवढे मिस्त्रींना ठाऊक होते. त्यांनी एकावर एक दोन हेड पॅकिंग टाकले, बोल्ट आवळले आणि गाडी दिली. चढावर गाडी खडखडू लागली. टायमिंग थोडे मागे घेतले, आवाज कमी झाला. पुढच्या खेपेस दोन सिलिंडरच्या मधले पॅकिंग फुटले आणि हेड उतरवल्यावर तिसऱ्या पिस्टनची रिंगेजवळची कड तुटलेली दिसली. गिऱ्हाईक म्हणाले, काम वाईट. मिस्त्री म्हणाले, पेट्रोल वाईट. दोघांचे संबंध तुटले आणि नव्या पिस्टनचे पैसे कोणी द्यायचे यावर तंटा झाला तो वेगळाच. सगळ्यात खेदाची गोष्ट ही की त्या इंजिनाचे कॉम्प्रेशन आधी किती होते आणि नंतर किती झाले, हे दोघांपैकी एकालाही सांगता आले नाही.

नॉकिंग म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करून घेऊ. प्लगची ठिणगी पडली की आग प्लगपासून कडेकडे पसरत जाते. ती पसरत असताना कडेला उरलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते आणि तापते. आग तिथे पोचण्याआधीच ते मिश्रण आपोआप, एकदम पेटले, तर दाबाची लाट पिस्टनवर आणि हेडवर हातोड्यासारखी आदळते. तोच तो आवाज. यामुळे पिस्टनची कड वाळूने खाल्ल्यासारखी होते, रिंगेची जागा तुटते, बेअरिंग ठोकले जाते. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले तर समजावे की पिस्टन झिजू लागला आहे. याचा एक भाऊबंद आणखी आहे. लालभडक कार्बनमुळे किंवा चुकीच्या गरम प्लगमुळे मिश्रण ठिणगीच्याही आधी पेटते. त्याचा आवाज पुष्कळदा येत नाही, पण पिस्टनला तो सरळ भोक पाडतो. दोन्हींचे मूळ उष्णता आणि दाब हेच आहे. म्हणून कॉम्प्रेशन उतरवणे हा उपाय खरा आहे. प्रश्न एवढाच की ते किती आणि कसे उतरवायचे.

आता हिशेब पाहू. तो आठवी पास मुलालाही जमेल. जिप्सीच्या १३०० सीसी इंजिनाचा बोअर ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरचे माप सुमारे ३२४.७ सीसी. कॉम्प्रेशनचे प्रमाण ९ ला १ धरले तर ३२४.७ ला ८ ने भागायचे. पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा आली ४०.६ सीसी. हे प्रमाण ८ ला १ करायचे असेल तर ३२४.७ ला ७ ने भागा. आले ४६.४ सीसी. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये ५.८ सीसी जागा वाढवायची आहे, कमी नाही आणि जास्तही नाही. जास्त उतरवले तर फुकटची ताकद जाते. नुसत्या सिद्धांताच्या हिशेबानेही ९ वरून ८ वर आल्यास ३ ते ४ टक्के कार्यक्षमता कमी होते. टर्बो हवा भरू लागेपर्यंत गाडी सुस्त वाटते आणि पेट्रोलही जास्त पिते.

ही ५.८ सीसी जागा पॅकिंगने वाढवायची म्हटले तर ७४ च्या बोअरवर दर मिलिमीटरला ४.३ सीसी मिळतात. म्हणजे सुमारे १.३५ मिलिमीटर जाडी वाढवावी लागेल. कागदावर हिशेब बरोबर जुळतो. मग दोन पॅकिंग टाकणाऱ्याचे चुकले कुठे?

चूक अशी की हेडची सगळी जागा सारखी नसते. चेंबरच्या बाजूला हेडचा काही भाग सपाट असतो आणि पिस्टन वर आला की तो त्या सपाट भागाच्या अगदी जवळ येतो. ही फट साधारण १ मिलिमीटरच्या आसपास असेल तर तिथले मिश्रण जोराने दाबून चेंबरमध्ये फेकले जाते. तिथे घुसळण होते, आग झपाट्याने पसरते आणि कडेच्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळच उरत नाही. शिवाय त्या अरुंद फटीत जे थोडे मिश्रण राहते ते दोन्ही बाजूंच्या धातूमुळे थंड राहते. इंग्लंडचे अभियंते हॅरी रिकार्डो यांनी १९२० च्या आसपास साइड व्हॉल्व्ह इंजिनाचे हेड अशाच अरुंद फटीचे बनवले आणि त्याच पेट्रोलवर नॉकिंगशिवाय जास्त कॉम्प्रेशन चालवून दाखवले. शंभर वर्षांपूर्वी शिकलेला हा धडा आपण दुसरे पॅकिंग टाकून एका क्षणात पुसून टाकतो. १ मिलिमीटरची फट २.३५ मिलिमीटर झाली की घुसळण मरते, आग सावकाश जळते आणि कडेचे मिश्रण तापत बसते. कॉम्प्रेशन उतरले, पण नॉकिंगची सवय तशीच राहिली. त्या जिप्सीचे बहुतेक हेच झाले.

शिवाय दोन पॅकिंग म्हणजे दाब गळण्याच्या जागाही दुप्पट. टर्बोच्या दाबाखाली आधी तीच फुटतात. तिसरी गोष्ट, ज्या इंजिनात कॅमशाफ्ट हेडमध्ये असून पट्ट्याने फिरते, तिथे हेड वर उचलले की कॅमचे टायमिंगही थोडे मागे सरकते. याचा विचार करून कॅमची पुली पुन्हा जुळवणारे मिस्त्री आम्ही फार थोडे पाहिले.

मग योग्य मार्ग कोणता? फट जशी आहे तशी ठेवावी आणि जागा पिस्टनच्या माथ्यावर किंवा चेंबरमध्ये काढावी. पिस्टनच्या माथ्यात ६० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर खोल वाटी असेल तर तिच्यात सुमारे ५.६५ सीसी मावतात. आपल्याला हव्या असलेल्या ५.८ च्या अगदी जवळ. मात्र असा वाटीचा पिस्टन त्याच कामासाठी बनवलेला, माथा पुरेसा जाड असलेला, शक्य तर फोर्ज्ड घ्यावा. साधा कास्ट पिस्टन लेथवर धरून माथा खरवडणे हा गिऱ्हाईकाच्या पैशावर जुगार आहे. आतून जाडी किती उरली हे न मोजता कापलेला माथा पहिल्याच लांब चढावर खाली बसतो. चेंबर मोठे करायचे असेल तर सपाट भागाला हात न लावता भिंतीकडून धातू काढावा, धारदार कडा बोथट कराव्यात आणि चारही चेंबर सारखे भरतील असे पाहावे. एका सिलिंडरमध्ये २ सीसी कमी राहिले तरी नॉकिंग त्याच सिलिंडरपासून सुरू होते आणि बाकीचे तीन चांगले असूनही इंजिन जाते.

मोजण्याला फार मोठे यंत्र लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसे एक ब्युरेट, मध्ये छोटे भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची जाड पट्टी, थोडे ग्रीस आणि रॉकेल. हेड उलटे ठेवून व्हॉल्व्ह आणि प्लग बसवावेत, पट्टी ग्रीसने चिकटवावी आणि भोकातून रॉकेल सोडून किती सीसी मावले ते वाचावे. पिस्टनची वाटीही अशीच मोजता येते. पिस्टन ब्लॉकच्या तोंडापासून किती खाली थांबतो ते डायल गेजने पाहावे. फट मोजायला पिस्टनवर सोल्डरच्या तारेचे तुकडे ठेवावेत, हेड आवळून इंजिन हाताने एक फेरा फिरवावे आणि चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजावी. एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. प्लगच्या जागी लावायच्या कॉम्प्रेशन गेजचा आकडा म्हणजे हे प्रमाण नव्हे. रिंगा, व्हॉल्व्ह आणि कॅम बदलले की गेजचा आकडा बदलतो, प्रमाण तेच राहते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुष्कळ इंजिनांत टर्बो नसतानाही नॉकिंग सुरू होते आणि त्याला आपणच कारण असतो. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून मोठे पिस्टन टाकले की आपल्या उदाहरणात ९ चे ९.१ होतात. हेडला फेसिंग करताना अर्धा मिलिमीटर गेला आणि चेंबरचे तोंड बोअरएवढे रुंद धरले, तर २ सीसीहून अधिक जागा कमी होते. दोन्ही मिळून ९ चे साडेनऊच्या वर जातात. असे हेड दुसऱ्या-तिसऱ्या फेसिंगला आले की गिऱ्हाईक म्हणते, ‘इंजिन काढल्यापासून आवाज येतो’. ते खरेच बोलत असते. म्हणून लेथवाल्या भावांना आमची विनंती आहे. जेवढा धातू काढला तेवढा आकडा हेडवर खडूने तरी लिहून द्या. भंगारातून आणलेले हेड घेताना मिस्त्रींनी त्याची उंची मोजावी.

आणि कापाकापीच्या आधी बाकीची कारणे तपासावीत. रेडिएटर अर्धा बंद आहे का, मिश्रण कोरडे चालते का, व्हॉल्व्हची रबरी सील झिजून तेल आत येते का, चेंबरमध्ये कार्बनचा थर आहे का, प्लग योग्य आहे का, टायमिंग किती पुढे आहे. तेल जळू लागले तरी पेट्रोलची ताकद कमी होते आणि नॉकिंग वाढते. टायमिंग मागे घेणे हा तात्पुरता उपाय आहे. ते फार मागे घेतले तर आग उशिरा जळते, एक्झॉस्ट लाल होतो आणि व्हॉल्व्ह व टर्बो दोन्ही भाजून निघतात. टर्बोच्या गाडीत दाबलेली हवा तापलेलीच असते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर ही चैन नाही, गरज आहे. या सगळ्यांपैकी एकही गोष्ट न पाहता कॉम्प्रेशन उतरवणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे होय.

पेट्रोलविषयीही दोन शब्द. एकेकाळी नॉकिंगवर शिशाचा इलाज होता. अमेरिकेत थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शिशाचे हे मिश्रण शोधले आणि पुढे जगभर ते पेट्रोलमध्ये पडले. हवेत विष मिसळले, मुलांचे आरोग्य बिघडले आणि अखेर भारतात २००० साली शिशाचे पेट्रोल बंद झाले. आज पंपावर जास्त ऑक्टेनची पेट्रोल मिळतात. इंडियन ऑइलने २०२० च्या अखेरीस १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते आणि आत जाताना हवा थंड करते, पण त्याला इंधन जास्त लागते. १ किलो पेट्रोलला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर १ किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. म्हणून जुन्या जेटवर चालणाऱ्या कार्बोरेटरच्या इंजिनात मिश्रण कोरडे पडते. जे इंजिन एका पेट्रोलवर जुळवले ते त्याच पेट्रोलवर चालवायचे, हे गिऱ्हाईकाला बिलावर लिहून द्यावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मापात घट करणाऱ्यांविषयी कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, हे आपण सारे जाणतो. आपण तिचा अर्थ किराणा दुकानाच्या तराजूपुरता समजतो. आमच्या मते गॅरेजचाही तराजू असतो. गिऱ्हाईक इंजिन उघडून पाहू शकत नाही. तो आपल्या शब्दावर पैसे मोजतो. न मोजता ‘कॉम्प्रेशन उतरवले’ असे सांगून मजुरी घेणे हे डोळे झाकून तोलण्यासारखे आहे. गिऱ्हाईकाचे इंजिन आपल्या हातात अमानत असते.

याच परंपरेतील अल-जझरी यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. दियारबकरच्या दरबारातील या कारागिराने १२०६ साली आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यात दांड्याने पुढे-मागे सरकणाऱ्या दोन पिस्टनच्या पंपाचेही वर्णन आहे. त्यांचे मोठेपण नुसत्या कल्पनेत नाही. दुसऱ्या कारागिराला तीच वस्तू पुन्हा बनवता यावी म्हणून त्यांनी मापे आणि बनवण्याची रीत लिहून ठेवली. आपल्याकडे मात्र उस्तादाचा हुनर उस्तादाबरोबर कबरीत जातो आणि शागीर्द पुन्हा शून्यापासून पिस्टन फोडत शिकतो. प्रत्येक इंजिनाची एक पानाची नोंद ठेवली, म्हणजे बोअर, चेंबरचे सीसी, पॅकिंगची दबलेली जाडी, फट, टायमिंग आणि पेट्रोल एवढे लिहिले, तर दहा वर्षांत त्या वहीची किंमत दुकानाच्या पागडीएवढी होईल.

कोणी म्हणेल, ‘हे सगळे ठीक आहे, पण गिऱ्हाईकाला उद्या गाडी हवी असते, आणि आपण नाही म्हटले तर तो शेजारच्या गॅरेजात जाईल.’ ही अडचण खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण मोजणीची मजुरी वेगळी लावावी, बिलात वेगळी दाखवावी. ज्याला दोन पॅकिंगच हवी आहेत त्याला सलाम करून वाट दाखवावी. एक फुटलेले इंजिन दहा गिऱ्हाइके पळवते, आणि मोजून दिलेल्या इंजिनाचा कागद हातात घेऊन आलेले एक गिऱ्हाईक आणखी दोघांना घेऊन येते. कायद्याचे भानही ठेवले पाहिजे. कारखान्याच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दंड व कैदेचीही तरतूद झाली. तेव्हा असे इंजिन बंद ट्रॅकसाठी किंवा स्पर्धेसाठीच बांधावे, स्पर्धेच्या नियमात ते बसते का हे आधी पाहावे आणि तसे लेखी घ्यावे.

बांधवांनो, आपल्या हातांच्या कसबाला कोणी नाव ठेवत नाही. नाव ठेवतात ते आपल्या ‘अंदाजा’ला. एक ब्युरेट, एक डायल गेज आणि एक वही, एवढ्यावर आपला अंदाज इल्म होऊ शकतो. पुढच्या वेळी कोणी म्हणाले, ‘चाचा, दोन पॅकिंग टाका, काम होऊन जाईल’, तर त्याला बसवा, चहा पाजा आणि विचारा, ‘बेटा, आधी सांग, आत किती सीसी आहेत?’ अल्लाह आपल्या रोजीत बरकत आणि आपल्या मापात सच्चाई देवो, हीच दुआ.